फुसीचा हात

शनिवारची सकाळ होती. तुतीची साल कुटून, तुकड्याला तुकडा चिकटवून केलेलं लांबलचक कापड अंगणात पसरलं होतं आणि फुसी त्यावर ओणवी होऊन रेघा भरत होती. हातात केवड्याच्या फळाची वाळलेली फोड, तिच्या दोऱ्यांचाच कुंचला. बाकीच्या बायका ठशांच्या नक्षीवर इमानाने रंग फिरवत. फुसी मात्र कोपऱ्यात स्वतःचं काहीतरी काढायचीच. आज तिने डुलक्या घेणारे पाद्रीबाबा काढले होते.

"अगं, हा रंग जात नाही," आई अतेलाइते म्हणाली. "पाद्रीबाबांनी बघितलं तर?"

"बघायला आधी जागे व्हायला हवेत," फुसी म्हणाली, आणि बायका हसून लोळल्या.

फुसीला ऑकलंडच्या कलाशाळेत प्रवेश मिळाला होता. खर्च शाळा करणार होती, राहायला मामाचं घर होतं. अडचण एकच, आणि ती टोंगात जन्मलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. आत्याला विचारायचं होतं.

आमच्यात बहिणीचा मान भावाच्या वर, मग ती धाकटी का असेना. भावाच्या मुलांची नावं ती ठेवणार, लग्नात आणि मयतात वरच्या चटईवर ती बसणार, आणि तिने एखादं मूल मागितलं तर भाऊ नाही म्हणणार नाही. बाईला एवढा मान कुठे आहे सांगा, असं आमची मंडळी छाती फुगवून विचारतात. मला मात्र त्यांना विचारावंसं वाटतं, की बाईच्या या मानाची किंमत दरवेळी पोरीनेच का चुकवायची?

"आत्या नाही म्हणाली तर?" फुसीने विचारलं.

"आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं," आई म्हणाली. "आधी विचारू तर दे बाबांना."

बाबा, म्हणजे विलिसोनी, फार खुशीत होते. "हेच कापड नेऊ ताईला. पोरीचा हात बघितला की ती स्वतःच म्हणेल, जा म्हणून."

अतेलाइतेचा चेहरा उतरला. "डुक्कर न्या, कोनफळं न्या. कापड नको."

"डुक्कर काय, कुणीही नेतं."

"तुमची बहीण. मी कोण बोलणारी," ती म्हणाली. नणंदेच्या बाबतीत भावजयीने बोलायचं नसतं.

रविवारी चर्च सुटल्यावर ते आत्याकडे गेले. लोसालिनेआत्या विधवा. तिची मुलं परदेशी गेली ती तिकडचीच झाली. तिने सगळ्यांना अळूच्या पानात शिजवलेलं मटण आग्रहाने वाढलं. मग कापड उलगडलं. ती गुडघ्यांवर रांगत रेघांवरून बोट फिरवत गेली आणि कोपऱ्यात थांबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अगं बाई, हे आमचेच पाद्रीबाबा. कुणी काढलं?"

"फुसीने," विलिसोनी जमिनीकडे बघत म्हणाले. बहिणीसमोर भावाने मान वर करायची नसते. "ताई, तिला शिकायला..."

"हिला आणखी कोण काय शिकवणार? असा हात परमुलखात घालवायचा? माझी पोरं गेली, एक तरी परतलं?" तिने फुसीला जवळ ओढलं. "ही राहील माझ्याकडे. माझ्या मयताचं कापड हिच्याच हाताने भरलेलं हवं."

ती चिडली असती तर निदान भांडता आलं असतं. ती प्रेमाने बोलत होती.

"बाबा, बोला ना," फुसी कुजबुजली. विलिसोनींनी चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली मानाची चटई तेवढी नीट केली.

संध्याकाळी आईने तिला चुलीपाशी गाठलं. "मंगळवारचं विमान आहे. जा तू. मी बघते इथलं."

फुसी बराच वेळ खरकटी भांडी घासत राहिली. जीव तुटत होता तिचा.

"आणि बाबा? त्यांच्या पोरीने आत्याचा शब्द मोडला म्हटल्यावर गाव त्यांना जगू देईल? उद्या तुला साधा ताप आला तरी आत्याचा शाप भोवला म्हणून माझ्या नावाने बोटं मोडतील."

"मोडू देत."

"नाही गं आई. मला नाही जमायचं."

मंगळवारी ती कपड्यांचं बोचकं घेऊन आत्याकडे राहायला गेली.

वर्षं गेली. कोपऱ्यातली चित्रं आत्यानेच बंद करवली, मयताच्या कापडावर थट्टा शोभत नाही म्हणून. आत्या गेली तेव्हा फुसीने भरलेल्या कापडाची गावभर वाहवा झाली. कलाशाळेचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. फुसी त्याच घरात राहिली, एकटी.

एके दिवशी तिचा धाकटा भाऊ फिलिमोने आपली तान्ही मुलगी घेऊन आला.

"ताई, नाव ठेव. तुझीच आहे ती."

फुसीने बाळाला मांडीवर घेतलं. बाळाने तिचं रंगाने काळं पडलेलं बोट घट्ट धरलं. ते सोडवावंसं तिला वाटेना.

"फिलिमोने, ही मोठी झाली आणि कुठे जायचं म्हणाली, तर मला विचारायला आणू नकोस."

"असं कसं? तू आत्या आहेस."

"म्हणूनच सांगते. मी तेव्हाही एकटीच असेन. मी तिला राहा म्हणेन."

फिलिमोनेने मान खाली घातली, बहिणीसमोर घालायची असते तशी.

"पण ताई," तो म्हणाला, "विचारावं तर लागेलच."