तीनशे यार्ड

अक्षया देवस्थळी इंग्लंडमध्ये, मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर ती एकदा सहज सरेमधल्या एका रायफल क्लबात गेली आणि तिथंच रमली. इमॅन्युएल किहीमकर तिला तिथंच भेटले. वय चौऱ्याहत्तर, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तिचं आडनाव ऐकून त्यांनी मराठीत विचारलं, "पुण्याची का गं तू?" अक्षया बघतच राहिली. ते बारा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर मुंबईहून लंडनला आले होते, आणि घरात बोललं जायचं ते मराठी त्यांनी सोडलं नव्हतं.

ती त्यांना काका म्हणू लागली, आणि काडतुसं घरी हातानं भरायला तिला काकांनीच शिकवलं. दोन वर्षांत त्यांचा एकच नियम होता: नवीन काडतुसं शंभर यार्डांवरच तपासायची. इतक्या जवळ वारा फारसं काही करत नाही, त्यामुळे चूक काडतुसाची की आपली, ते लगेच कळतं, असं ते म्हणायचे.

या वेळी स्पर्धा सहाशे यार्डांची होती. अक्षयानं बंदुकीच्या दारूचं माप थोडंथोडं बदलून तीन प्रकारची काडतुसं भरली आणि त्यांच्या बुडावर लाल, निळे, हिरवे ठिपके काढले. रविवारी सकाळी प्रत्येकातली पाच-पाच तिनं शंभरावर मारली. फायरिंग थांबल्यावर दोघं चालत लक्ष्यांपाशी गेली. तिन्ही कागदांवरची भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ होती.

"काका, यातून काही ठरत नाही," ती म्हणाली. "तीनशेवर बघू या का? आज वारा अजिबात नाही."

काकांनी मान हलवली. शंभरच बरं, पुन्हा एकदा मारून बघ, म्हणाले. बोलताबोलता ते नेहमीसारखा कागदावरून अंगठा फिरवत होते. निळ्याच्या कागदावर अंगठा कडेला थांबला.

"हा एक बाहेर गेलाय बघ."

तिथं गोळीचं भोक नव्हतं. फळीला ठोकलेली पिन निघाल्यामुळे कागद तिथं फाटला होता. गेले सहा महिने काका स्वतः रायफल हातात घेत नव्हते. पाठ दुखते म्हणायचे, आणि तिनं ते खरं मानलं होतं.

परत येताना तिनं हळूच विचारलं, "काका, तुम्हाला भोकं दिसतात का?"

काका म्हणाले, "मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. शंभरावर निदान जाऊन हात लावता येतो. तीनशेवर मी तुझ्या काय कामाचा?"

तीनशेवर चालत जायचं नसतं. लक्ष्याखालच्या खंदकात बसलेला माणूस प्रत्येक गोळीनंतर लक्ष्य खाली ओढतो आणि भोकावर रंगीत चकती लावून ते परत वर करतो. ती चकती दुर्बिणीतून बघायची असते.

"मी बघून सांगते," अक्षया म्हणाली. "पण त्यातून काय समजायचं ते मला कळत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल."

अकरा वाजता तीनशेची लेन मिळाली. काका मागे घडीच्या खुर्चीवर बसले आणि समोरच्या छोट्या टेबलावर त्यांनी टॉवेल अंथरला. प्रत्येक गोळीनंतर अक्षया चकती कुठे आहे ते सांगायची, "मध्याच्या वर, चार बोटं," आणि रिकामं काडतूस मागे द्यायची. काका ते टॉवेलवर त्या जागी उभं करायचे. लाल झालं, निळं झालं, हिरवं झालं. टॉवेलवर तीन ठिकाणी पाच-पाच पितळी नळ्या उभ्या राहिल्या.

काकांनी त्यांच्यावरून तळवा फिरवला. निळ्या एकाखाली एक अशा उभ्या ओळीत होत्या. लाल त्याहून थोड्या बऱ्या. हिरव्या पाचही मुठीत मावतील अशा.

"वर-खाली पडतात म्हणजे प्रत्येक गोळीचा वेग वेगळा आहे," ते म्हणाले. "शंभरावर ते लपतं. सहाशेवर निळ्यानं तुझे हाल केले असते. हिरवं घे." मग म्हणाले, "इथं आधीच यायला हवं होतं. माझ्यामुळे राहिलं."

घरी सांगितलंय का, असं जेवताना अक्षयानं विचारलं, तेव्हा कळलं की मँचेस्टरला असलेल्या त्यांच्या मुलीला, गॅब्रिएलाला, यातलं काहीच माहीत नव्हतं. डोळ्यांच्या क्लिनिकचं पत्र मार्चपासून ड्रॉवरमध्ये पडून होतं. तिथल्या तिथंच काकांनी फोन लावला आणि उठून कारपार्कपर्यंत गेले. बराच वेळ बोलत होते. परत आले तेव्हा चहा निवला होता. त्यांनी तो तसाच प्यायला.

"रागावली?" अक्षयानं विचारलं.

"रडली. बुधवारी येतेय. क्लिनिकला तीच नेणार म्हणते."

स्पर्धेत अक्षया नववी आली. दोनदा तिचा वाऱ्याचा अंदाज चुकला. पण एकही गोळी वर-खाली भरकटली नाही. मागे काका आणि गॅब्रिएला शेजारीशेजारी बसली होती, आणि प्रत्येक चकती कुठे लागली ते गॅब्रिएला त्यांना मोडक्या मराठीत सांगत होती.