काचेवरच्या चार नीलिमा

त्या रविवारी दिवेलागणीला मालकांनी मला कोमट पाणी पाजलं, माझा गळा मोकळा केला आणि झाकण लावताना म्हणाले, "ऱ्हा आता सरळ." दुसऱ्या दिवशी ते नव्हते. पण रविवारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून रविवार अगदी साधा गेला.

मित्रांनो, मी फोटो छापणारा प्रिंटर आहे आणि जुना आहे. वय विचाराल तर तीन वर्षं पुरी. हसू नका. तुमच्यात साठीला सत्कार होतो, आमच्यात वर्षभरातच कुणीतरी पुण्याहून येतं आणि आमच्यादेखत मालकाला सांगतं, "हे मॉडेल बंद झालं." त्यानंतर आमचं जे काही चालतं त्याला जगणं म्हणायचं की अडून बसणं, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे धूळ नव्हती. तिथून थर्माकोलमध्ये बसून मी १९९७ साली इस्लामपुरात आलो आणि एस.टी. स्टँडमागच्या 'नीलिमा फोटो स्टुडिओ'त टेबलावर बसलो. समोर धूळच धूळ. मालकांचं नाव धनाजी. उंच, किंचित वाकलेले, गळ्यात कायम कॅमेरा. दुकानाला त्यांनी मुलीचं नाव दिलं होतं. घर दुकानाच्या मागेच होतं, आणि त्यांची बायको आक्काताई मधल्या दारातून चहा आणून द्यायची.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. साखर कारखान्यातले साहेब आणि सुट्टीवर आलेले फौजी मला बघायला यायचे. "धुवायचं न्हाई, वाळवायचं न्हाई, हितल्या हितं फोटो?" असं म्हणून माणसं तोंडात बोटं घालायची. मला त्या कौतुकाचं फारसं काही वाटलं नाही. जो माणूस कागद बाहेर येताना बघून थक्क होतो, तो दळण पडताना बघूनही थक्क होत असणार.

माझी स्वतःची शाई महिन्याभरात संपली. मालकांना नवीन परवडेना. मग सुरू झाल्या बाटल्या. जनावरांच्या डॉक्टरकडे असते तशी एक सुई यायची, माझ्या शाईच्या डबीत टोचली जायची आणि कुठली तरी शाई माझ्या पोटात जायची. एक पुण्याची, एक सांगलीची, एक मुंबईहून कुणाच्या तरी पिशवीतून आलेली, एक शिरवळच्या कुठल्याशा लहान कारखान्यातली. बाटलीवर इंद्रधनुष्य सगळ्यांच्याच होतं. आत काय होतं ते पिणाऱ्यालाच माहीत. पुण्याची शाई दिमाखात यायची आणि पहिल्या उन्हाळ्यात हातपाय गाळायची. मुंबईची नुसती वास मारायची. सांगलीची तर शाई म्हणायच्याही लायकीची नव्हती. रंगपंचमीचं उरलेलं पाणी ते.

पण गावाला सांगलीचीच आवडायची. तिच्यात चेहरा मुळातच फिका यायचा आणि उन्हाने आणखी फिका व्हायचा. समोरच्या स्टुडिओतले लालासाहेब तीच वापरायचे आणि गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगायचे, "आमच्याकडं फोटो जुना हुईल तसं माणूस उजळतंय." लग्नाच्या मुलींचे बाप तिकडे रांगा लावायचे. एकदा रंगूबाई नावाची बाई भाचीचा फोटो घेऊन मालकांशी भांडायला आली.

"लय काळी आलीया ही."

"हाय तशी आलीया," मालक म्हणाले.

"आवं, जरा गोरी केली आसती तर तुमच्या बाच्या घरातलं काय गेलं आसतं?"

"माझ्या न्हाई. तिच्या बाचं गेलं आसतं. पोरगी त्येची हाय."

रंगूबाई फोटो तिथेच टाकून समोर गेली. अशा माणसाचा धंदा कसा चालणार? मला मालकांचीही कीव यायची. मग ते जे करून बसले त्याने तर हसूच आलं असतं, मला हसता येत असतं तर.

झालं असं. बयाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिचा मुलगा गुंडा फौजेत होता आणि गाडी उलटून गेला. त्याचा मोठा फोटो मालकांनी पुण्याच्या शाईत माझ्याकडून काढून घेतला. वर्षाने म्हातारी ती तसबीर पदराखालून घेऊन आली. तांबडा रंग उडून गेला होता आणि गुंडाचा चेहरा शेवाळासारखा हिरवा पडला होता. तिने आरडाओरडा केला नाही. तसबीर टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, ह्यो माझा गुंडा न्हाई. माझा कुटं गेला?"

मालकांनी ती तसबीर ठेवून घेतली. दुसरा फोटो लगेच काढता आला असता. पण कुठल्या शाईत? तीही वर्षाने असंच करणार नाही कशावरून? म्हणून त्यांनी एकच फोटो चारही शाईत काढला, प्रत्येकाच्या खालच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवला आणि दुकानाच्या मावळतीकडच्या काचेवर चारही पट्ट्या ओळीने लावून टाकल्या. वरचा भाग ऊन खाणार, खालचा झाकलेला राहणार. मग कोण किती उडालं ते समोरासमोर दिसणार.

फोटो कुणाचा, तर नीलिमाचा. स्वतःच्या मुलीचा.

ती साताऱ्याच्या कॉलेजात शिकवायची. खूप वाचलेली, कमी बोलणारी, तिशीची, लग्न न केलेली. रंगाने सावळीच्याही पुढची. पुढच्या खेपेला ती आली आणि स्टँडवरून चालत येताना तिने काचेवर स्वतःला चार वेळा पाहिलं, अर्ध्या तोंडाला काळा कागद लावलेलं. समोरून लालासाहेबांनी हाक दिली, "धनाजीराव, पोरीचं जमवायचं चाललंय का शाईचं?" चहाच्या टपरीवरची माणसं हसली.

"आबा, फुलदाणी लावा की. माझंच तोंड कशाला?"

"फुलदाणीचा रंग मला पाठ न्हाई," मालक म्हणाले.

त्यानंतर ती दर महिन्याला यायची आणि दर महिन्याला तोच खेळ व्हायचा. ती पिशवी ठेवते न ठेवते तोच मालक म्हणायचे, "नीले, जरा उजेडात ये." तिला दारात उभं करून ते एकेक पट्टी काचेवरून काढायचे, तिच्या गालाशी धरायचे, मान तिरकी करून बघायचे. ती तोवर हातातलं पुस्तक वाचत उभी राहायची. नजर वर करायची नाही. एकदा आक्काताईला म्हणाली, "आई, मी यांच्यासाठी रंगाचा नमुना आहे गं. दुसरं काही नाही." मलाही तसंच वाटायचं. माणसांच्या मायेबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. माया करणाऱ्यांचेच फोटो मी सर्वांत जास्त छापले आहेत.

तो शेवटचा रविवारही तसाच. "नीले, जरा उजेडात ये." ती आली. मालकांनी सांगलीची पट्टी धरली. वरचा अर्धा भाग पिठासारखा पांढरा. "ही मेली." पुण्याची हिरवी, मुंबईची निळसर. मग शिरवळची. तिच्यावरचा काळा कागद जरासा उचलून ते बराच वेळ बघत राहिले.

"ही हाय तशी हाय," ते म्हणाले. "आन् तू बी हाय तशी हाईस."

"झालं का? माझी साताऱ्याची गाडी जाईल."

"जा जा. आज बयाबाईचा गुंडा काढतो."

ती गेली. वळून बघायचं काही कारण नव्हतं. दुपारी त्यांनी गुंडाला शिरवळच्या शाईत काढलं. इथे माझी एक तक्रार ऐका. ती शाई मला अजिबात सोसायची नाही. बाकीच्या शाईत रंग विरघळलेला असतो. हिच्यात रंगाची बारीक पूड नुसती तरंगत असते. म्हणून ती उन्हाला दाद देत नाही आणि म्हणूनच ती माझ्या गळ्यात सुकून बसते. काम झालं की लगेच कोमट पाण्याने गळा धुतला नाही तर मी संपलो. मालक न चुकता धुवायचे. त्या संध्याकाळीही धुतला.

सोमवारी सकाळी शटर वर उचलताना ते खाली बसले. शटर अर्ध्यावरच राहिलं.

पुढचे दिवस तुम्हाला सांगण्यासारखे नाहीत. माणसं आली, तीच ती वाक्यं बोलली, चहा प्याली. मग पुण्यानुमोदनाचा, गेलेल्या माणसासाठी सगळ्यांनी जमून वंदना म्हणायचा दिवस ठरला आणि फोटो पाहिजे म्हणून शोधाशोध सुरू झाली. सगळ्या पेट्या उपसल्या. तालुक्यातल्या प्रत्येक लग्नात धनाजी होते आणि एकाही लग्नात नव्हते. जिथे सापडले तिथे डोळ्याला कॅमेरा. पुऱ्या चेहऱ्याचा एकच फोटो निघाला, लायसनसाठी काढलेला, काळा-पांढरा.

"ह्योच मोठा करू," नीलिमा म्हणाली.

"रंगात काढ," आक्काताई म्हणाली. "दुसऱ्यांची समदी माणसं त्यांनी रंगात काढली."

लालासाहेब हात जोडून आत आले. "ताई, मी देतो काढून. जरा उजळ करतो. जलमभर माणूस उन्हातान्हात फिरला, आता तरी..."

"नको," ती म्हणाली. ते निमूटपणे बाहेर जाऊन बाकावर बसले. त्या माणसाचं डोळे पुसणंसुद्धा मला पटलं नाही. पण पुसत होते खरं.

माझ्या शेजारचा संगणक तिनेच बापाला शिकवला होता, सुट्टीत, कपाळाला आठ्या घालून. आता ती स्वतः त्यावर बसली आणि त्या काळ्या-पांढऱ्या चेहऱ्यात रंग भरू लागली. पहिला फोटो मी काढून दिला. आक्काताईने बघितला. "ह्ये कोण?" दुसरा काढला, गडद. "ह्ये बी न्हवं." कॉलेजात शिकवणारी, एवढी पुस्तकं वाचलेली बाई, आणि तिला बापाचा रंग सांगता येईना. सांगता येणार कसा? त्यांनी तिला महिन्याच्या महिन्याला उजेडात उभं केलं होतं. तिने त्यांना एकदाही नाही. ती घरी यायची तेव्हा ते एकतर डार्करूममध्ये असायचे, नाहीतर तिच्या आणि उजेडाच्या मध्ये, ऊन पाठीशी घेऊन.

"आई, कसा होता गं नेमका?"

"मला काय इचारतीस? तुझाच की. तू जलमलीस तवा समदी म्हणाली, बापाचा रंग घेऊन आलीया. शाळंत असताना तू त्यापायी रडायचीस. ते ऐकत असायचे, आन् गप बसायचे."

 नीलिमा उठून काचेपाशी गेली. चार नीलिमा अजून तिथेच होत्या. तिने शिरवळची पट्टी काढली आणि तिच्यावरचा काळा कागद सोलला. वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामध्ये रेघ नव्हती. कुठे ऊन संपलं आणि कुठे सावली सुरू झाली, ते बोट फिरवूनही कळलं नसतं. ती पट्टी घेऊन ती टेबलाशी आली आणि स्वतःच्या गालावरचा रंग तिने बापाच्या गालावर भरायला सुरुवात केली.

तिसरा फोटो मी शिरवळच्या शाईत काढला. गळ्यात पूड दाटत होती. रेघेमागून रेघ, कपाळ आलं, भुवया आल्या, नाक आलं. मित्रांनो, मी कुणासाठी जिवाचं रान करणाऱ्यांतला नाही. पण मधेच अडलो असतो तर चेहऱ्यावर पांढरी रेघ उमटली असती, आणि ती मला माझ्याच कामावर बघवली नसती.

ओला कागद हातात घेऊन ती दारात गेली. तो गालाशी धरून म्हणाली, "आई, बघ."

आक्काताईने आधी फोटो बघितला, मग पोर बघितली, मग परत फोटो. "व्हय," ती म्हणाली. "ह्येच."

त्या दिवशी माझा गळा कुणी धुतला नाही. कुणाच्या ध्यानात येणार? दोन दिवसांत शाई सुकली आणि मी कायमचा अडलो. आता पोटमाळ्यावर जातो आहे, रिकाम्या थर्माकोलशेजारी. तुम्ही आत्मवृत्तं वाचता, त्यांत शेवटी कुणीतरी गळा काढून म्हणतं की मला जपा. मी म्हणणार नाही. माझ्यासारखी यंत्रं पुढच्या वर्षी स्वस्त होतील. जपायचंच असेल तर एक करा. ज्यांच्याकडे तुम्ही रोज बघता असं तुम्हाला वाटतं, त्यांना एकदा दाराशी बोलवा आणि नीट बघून घ्या. नंतर शाई कितीही चांगली मिळाली, तरी तिला चेहरा माहीत नसतो.

पोटमाळ्यावर जाण्याआधी टेबलावरून मी शेवटचं जे बघितलं ते सांगून थांबतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दुकानापुढे मांडव घातला होता. फोटो आतल्या अंगाला, मेणबत्त्यांच्या मागे, सावलीत ठेवला होता. माणसं जमत होती. बयाबाई तेवढी लवकर येऊन कोपऱ्यात बसली होती, मांडीवर तिचा नवा गुंडा घेऊन. नीलिमा पांढऱ्या साडीत आली.  मग तिने दोन्ही हातांनी फोटो उचलला आणि मांडवाच्या कडेला, जिथे मावळतीचं ऊन सरळ येत होतं, तिथे खुर्ची ओढली.

"ताई, उन्हात नका ठिवू," लालासाहेब घाईघाईने म्हणाले. "रंग जाईल."

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. फोटो खुर्चीवर टेकवला, समोर खाली बसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आबा, जरा उजेडात या."