लाभ, दोन, तीन

पहिलीच्या मोजणी तपासणीत तृप्ती नापास झाली. असं काही घडलेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मी तिचा वर्गशिक्षक आहे, त्यामुळे माझ्या शब्दाला थोडी किंमत धरावी.

विंचूरजवळच्या आमच्या शाळेत एप्रिलात केंद्रप्रमुख धनराज सर तपासणीला आले. ज्याला दहापर्यंत मोजता येणार नाही, त्याला मे महिनाभर जादा वर्ग, असं ठरलेलं. तृप्तीची मालेगावच्या मामाकडे जायची पिशवी मार्चपासून भरलेली होती. जादा वर्ग लागला तर तो मलाच घ्यावा लागणार होता, आणि गावी जायची पिशवी माझीही भरलेली होती.

सरांनी दहा चिंचोके मांडले. "मोज बाळा."

"लाभ, दोन, तीन, चार," असं करत ती दहावर थांबली.

"एक राहिला."

तिनं चिंचोके पुन्हा पाहिले. "नाय राहिला. दहाच हायेत."

सरांनी त्यातला एकच पुढं सरकवला. "हा किती?"

"लाभ."

"मग एक कुठंय?"

"आमच्यात नसतो."

सरांनी तक्त्यात 'एकपासून मोजते का' या रकान्यात 'नाही' लिहिलं. पेनानं.

"सर, पिशवी रिकामी करू का?" तृप्तीनं मला विचारलं. मी तिच्या आजोबांना बोलावणं धाडलं.

रावजीबाबा कांदा मार्केटात चाळीस वर्षं मापारी होते. मापाची सुरुवात एकनं करायची नाही, लाभनं करायची, ही तिथली जुनी रीत. नातीला मोजायला त्यांनीच शिकवलेलं.

"चाळीस वर्षांत पहिल्याला एक म्हटलो नाय," ते म्हणाले. "अन् एक पाटी कमी भरली नाय."

"आत्ता 'एक पाटी' म्हणालात की," मी म्हटलं.

"ती पहिली नव्हती."

"सरकारी गणितात एक असतो, बाबा."

"असू द्या. मार्केटात येऊ नको म्हणावं."

तेवढ्यात पोषण आहाराचा तांदूळ आला. धनराज सर स्वतः मोजून घ्यायला उठले. पहिल्या पोत्यावर हात ठेवून "एक" म्हणाले, आणि स्वयंपाकीण वत्सलाबाईंनी कोठीचं दार आतून लावलं.

"माझ्या कोठीत एकनं माप घ्यायचं नाय," त्या आतून म्हणाल्या. "गेल्या साली ह्या नव्या सरांनी घेतलं, तांदूळ शनिवारीच संपला."

नवे सर म्हणजे मी. त्या आठवड्यात मी रोज तीनदा वाढून घेत होतो, पण ते इथं महत्त्वाचं नाही.

साडेबारा वाजले होते आणि खिचडी आत होती. सरांनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज बारीक केला.

"लाभ."

दार उघडलं.

"दोन," तृप्ती शेजारून म्हणाली, मदत म्हणून.

जेवल्यावर सरांनी तो तक्ता फाडला आणि कोरा काढला. 'हो' लिहायला हात धजेना, कारण एक तिनं अजूनही म्हटला नव्हता. शेवटी लिहिलं, 'वरून मार्गदर्शन येईपर्यंत निकाल राखीव.' निकाल नसेल तर जादा वर्ग लावता येत नाही. मार्गदर्शन मागवणारं पत्र मी त्याच दुपारी लिहिलं:

'मा. शिक्षणाधिकारी साहेब यांस, इयत्ता पहिलीच्या पाठ्यपुस्तकातून १ हा अंक वगळून त्या जागी लाभ छापण्यास मंजुरी मिळावी, सदर दुरुस्ती जुन्या प्रतींनाही लागू करावी, व मंजुरीची प्रत विद्यार्थिनीच्या मामाच्या पत्त्यावर मालेगावी पाठवावी, ही नम्र विनंती. सोबत: चिंचोके, दहा नग (लाभ धरून).'