बियाण्याशेजारची डिस्क

गणपतीला बिरवाडीच्या भाड्याच्या खोल्या ओस पडतात आणि कुलपं फोडणाऱ्यांचा सीझन सुरू होतो. म्हणून गावी निघताना सुनीलने कॉम्प्युटर उघडून आतली हार्ड डिस्कच काढून घेतली. उरलेलं खोकं चोरांनी खुशाल न्यावं. डिस्कमध्ये त्याची बायको गौतमी होती. काविळीत जाण्याआधी, तान्ह्या लेकीला, श्रुतिकाला खेळवताना कंपनीतल्या मित्राच्या कॅमेऱ्यात आलेली. तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

महाडचा कॉम्प्युटरवाला दीपेश कितीदा म्हणाला होता, "सीडी काढून ठेवा." पण बायकोची सीडी दुकानात काढायची म्हणजे तिला आधी दुकानातले सगळे बघणार. त्याऐवजी सुनीलने पासवर्ड घातला, मॉनिटरला झालरीचं कव्हर शिवून घेतलं आणि खोलीत चपला घालून यायला सगळ्यांना बंदी केली. व्हायरस बहुधा चपलेतून येत असावा.

पोलादपूरच्या वर, आई आणि श्रुतिका राहायच्या त्या डोंगरातल्या घरी पोचल्यावर त्याने डिस्कची प्लास्टिकची पिशवी आईच्या हातात दिली. "जपून ठेव. यात गौतमी आहे."

साळूबाईने ते फारच मनावर घेतलं. पावसाने भिंतींना ओल आलेली. कोरडी जागा घरात एकच, चुलीवरचा माळा. पुढच्या सालचं बियाणं तिथेच धुरात असायचं.

"प्लास्टिक काढून टाकलं बघ, आतल्या आत घामेजली असती," निघायच्या दिवशी काळी पडलेली डिस्क त्याच्या हातात ठेवत ती म्हणाली. "आन चूल एक दिस इझू दिली नाय. किडा शिवला नसंल."

डिस्क अजून गरम होती. सुनीलने ती रुमालात गुंडाळली आणि आईच्या पाया पडला.

बिरवाडीच्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं होतं.

दीपेशने डिस्क जोडली, कान लावला, वास घेतला. "भाजलीत की काय हो?"

"आईने जपून ठेवली होती."

"मुंबईला पाठवून बघा. पण आशा धरू नका."

रविवारी गावातल्या फोनवरून साळूबाई बोलली.

"चालू झाली ना रे?"

"झाली."

"बोलते?"

"बोलते."

"माझ्या जिवाला बरं वाटलं बघ. हितं पोर उभी हाय. आई काय बोलते त्ये सांग तिला."

सुनीलला ते पाठ होतं. जमेल तितका बारीक आवाज काढून तो म्हणाला, "हस की गो माझे बाय, काका फोटू काढतायत."

पलीकडे फोन आता श्रुतिकाच्या कानाला होता.

"बाबा, ह्ये तर तूच बोलतोस."