कार्डावरचा पत्ता

मी एक वेबपेज बोलतोय. मला लिहिणारा माणूस वेताच्या खुर्च्या विणतो. साठीला टेकलेला, हट्टी, आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा.

तीस वर्षं तो फर्निचरच्या एका शोरूममध्ये होता. एक दिवस मालक म्हणाला, "हल्ली मशीनची वीण जास्त बरी दिसते." याचं डोकं फिरलं, याने काम सोडलं. बायको म्हणाली, "सहा महिने घरून करून बघा. गिऱ्हाईक आलं तर उत्तम, नाहीतर मुकाट्याने परत जायचं." तो कबूल झाला.

मग वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आलं, भाच्याचा जुना कॉम्प्युटर आला आणि जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. तो मला एका बोटाने टाइप करायचा. एकदा ठळक अक्षरांची खूण बंद करायची राहिली आणि माझी सगळी अक्षरं जाडजूड झाली.

"हे ओरडतंय का आपल्यावर?" बायकोने विचारलं.

दीड तासाने चूक सापडली. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. हळूहळू माझ्यावर खुर्च्यांचे फोटो आले, तळाशी फोन नंबर आला.

मग त्याने दोनशे कार्डं छापली. माझ्या डोक्यावरच्या पट्टीत एक लांबलचक ओळ दिसते, ती त्याने पत्ता म्हणून जशीच्या तशी उतरवली. फोन नंबर घातला नाही. "तो आत आहेच की," म्हणाला. पण ती ओळ म्हणजे याच कॉम्प्युटरमधली माझी जागा. मला इंटरनेटवर चढवावं लागतं, हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात होतं, आणि पुस्तक परत करायची तारीख त्याआधीच आली.

तेव्हापासून मी इथे कोंडलेला आहे. तो रोज सकाळी मला उघडतो, नीट उघडलो म्हणून खूश होतो आणि फोन शेजारी ठेवून वाट बघतो. फोन वाजला नाही की तो माझा रंग बदलतो. जीव गुदमरतो माझा. खरं काय ते सांगावंसं वाटतं, पण मला त्याने लिहिलेले शब्दच बोलता येतात.

एकदा शेजारच्या शिक्षिकाबाई कार्ड घेऊन आल्या. "काका, हे उघडतच नाही हो."

"असं कसं? या, बघा." त्याने मला उघडलं. मी लगेच उघडलो. न उघडण्याची सोय माझ्याकडे नाही.

"अय्या, खरंच की. माझाच फोन जुना झालाय," बाई म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या. मला रडू येतं तर तेव्हा आलं असतं.

काल सहा महिने संपले. बायको हळूच म्हणाली, "अजून महिनाभर थांबू या का?"

"नको. लोकांना नकोय ते नकोय," तो म्हणाला. मालकाला फोन केला, आवाज अगदी खाली गेला होता. मग त्याने माझ्यावर शेवटची ओळ लिहिली: 'काम बंद आहे. इथवर आलात, आभारी आहे.'

त्याचं कार्ड तुमच्याकडे असेल, तर तो पत्ता टाइप करू नका. शोरूममध्ये मागच्या बाजूला तो खुर्च्या पुसत असेल. त्याला जाऊन सांगा, तुझी वीण अजून कुणी पाहिलेलीच नाही.