दुपारची भट्टी

हे लिहून ठेवायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. एका बेकरीवाल्याच्या छपराची गोष्ट, ती काय लिहायची? पण हॉटेलवाल्या रेन्कोने पहिल्याच कपात चमचा ठेवला, ते काही डोक्यातून जाईना.

आमच्या ईस्ट फ्रिझियात, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, चहा म्हणजे तीन कप. तळाशी खडीसाखर, वर सायीचा ढग, आणि ढवळायचं नाही. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. तिसऱ्या कपाआधी ठेवला, तर समजायचं, माणूस भांडून चाललाय.

बेकरीवाल्या ओन्नोने त्या चमच्याकडे पाहिलं. रेन्कोच्या हॉटेलात रोज सकाळी गरम पाव जायचे. अर्धी बेकरी त्याच्यावरच उभी.

"सहाला पाव दारात," रेन्को म्हणाला. "नाहीतर दुसरीकडून आणतो."

"आण. रात्रीची भट्टी उद्यापासून बंद."

"छपराने तुझं डोकं फिरवलंय, ओन्नो."

"छप्पर माझं, डोकंही माझंच. चहा संपव, गार होतोय."

रेन्को उठून गेला. ओन्नोची बायको गेशे दारात उभी होती. तिने कप जरा आपटूनच धुतले.

झालं होतं असं. तेलाची जुनी भट्टी वसंतात काढली आणि विजेची आणली. छपरावर सोलर पॅनेल लावली ती फोक्कोने. फोक्को म्हणजे गावचा छप्परवाला आणि ओन्नोचा शाळेपासूनचा दोस्त. पहिल्याच उन्हात छप्पर असं काम करायला लागलं की मीटर बघत राहावं. सगळी वीज तारेतून बाहेर चाललेली, आणि मालक पडदे ओढून गाढ झोपलेला. बेकरीवाला दुपारी झोपतोच. रात्री भट्टी पेटली की तीच वीज बाहेरून विकत, दामदुपटीने. तीस वर्षं ज्याने धड दुपार पाहिली नाही, तो विसरला होता की ऊन दुपारी असतं.

गाव खिदळलं. "ओन्नो, तुझा सूर्य रात्री कुठल्या बाजूने उगवतो रे?"

"बॅटरी घे," गेशे म्हणाली.

"भट्टीला पुरेल एवढी बॅटरी म्हणजे दुसऱ्या बेकरीचा खर्च," फोक्कोने खरं ते सांगून टाकलं.

मग ओन्नो आठवडाभर दुपारी जागून मीटर बघत होता. आणि एका सकाळी त्याने दारावर पाटी लावली: पाव दुपारी चारला. रेन्को आला तो ती पाटी वाचूनच.

"तुझे वडील असते तर," गेशे म्हणाली, "हाकलून दिलं असतं तुला."

"वडिलांच्या छपरावर कौलं होती. तूच सांग, या गावात रात्री लोक जेवतात काय? पाव. चीज, मासा, काकडीचं लोणचं, सगळं पावावर. आणि तो पाव पहाटेचा, चामड्यासारखा झालेला. सगळ्यात मोठं जेवण आणि त्याला शिळा पाव. हे कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी," गेशे म्हणाली.

"मला नाही विचारलं."

सोमवारी पीठ सकाळी मळलं. ऊन कडक झाल्यावर भट्टी पेटवली. मध्येच ढग आले, तर दुसरा घाणा थांबवून ओन्नो अंगणात खुर्ची टाकून बसला. ऊन आलं, तसा उठला. तीनपर्यंत वास गल्लीभर.

म्हातारी हिल्के सायकल हातात धरून दारात आली. "काय जळतंय?"

"जळत नाही, भाजतंय. मोईन, हिल्के," ओन्नोने आमच्याकडचा रामराम घातला.

"या वेळी?" तिने पाव दाबून पाहिला, आणि हात तिथेच ठेवला. "तुझ्या बापाचा पाव मी उभ्या जन्मात रात्री गरम खाल्ला नाही. दोन दे. एक वाटेतच संपेल."

संध्याकाळी मात्र फळीवर निम्मे पाव तसेच होते. मंगळवारी सकाळी रेन्कोची गाडी दारावरून गेली. मागच्या काचेतून दुसऱ्या बेकरीच्या पिशव्या दिसत होत्या. ओन्नो मुद्दाम दारात येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून, आणि मोठ्याने "मोईन" म्हणाला.

चारला फोक्को आला. टोपी काढली नाही.

"पहाटे मागच्या खिडकीत दिवा नव्हता," तो म्हणाला. "काल वाटलं, झोप लागली असेल. आज वाटलं, गेलास. पाटी आत्ता वाचली."

कामावर जाताना फोक्को रोज त्या खिडकीशी थांबायचा. ओन्नो आतून गरम पाव द्यायचा. उजाडायच्या आत एवढंच व्हायचं, पण तीस वर्षं व्हायचं.

"पॅनेल मीच ठोकली," फोक्को म्हणाला. "माझ्याच हाताने माझा पाव घालवला."

"बस. चहा घे."

पहिला कप झाला, दुसरा झाला.

"डिसेंबरात काय करशील?" फोक्को म्हणाला. "चारला अंधार पडतो. छपरावर काही नसणार."

"तेव्हा वीज विकत घेईन. भट्टी दिवसाच पेटेल."

"आणि रेन्को नाहीच आला परत तर?"

"तर छोटी बेकरी. पण जागी असलेली."

तिसरा कप संपला. फोक्कोने चमचा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि कपात नाही, बशीत ठेवला. ओन्नोने चौथा ओतला.

"उद्या काम सुटलं की मागच्या खिडकीशी ये," तो म्हणाला. "दुकानातून नाही यायचं. खिडकी मी उघडी ठेवतो, डिसेंबरातसुद्धा. तुझा पाव तिथूनच मिळेल. गरम."