नर, मादी आणि माझा अंगठा

खेकडा नर की मादी हे कळायला तो उलटा करावा लागतो. पोटावर दुमडलेली एक पट्टी असते. नराची अरुंद, टोकाकडे निमुळती. मादीची रुंद, डबीच्या झाकणासारखी. नराच्या नांग्याही दांडग्या असतात, पण नुसत्या नांग्या बघून निकाल देणारे लोक माझ्या डोक्यात जातात. एखाद्या थोराड मादीच्या नांग्या हडकुळ्या नराला लाजवतात.

आमच्या शेडमध्ये नर विक्रीला जातात आणि माद्या परत पाण्यात सोडतात. निवडीच्या टेबलावर मी एकवीस वर्षं बसतेय. समोर महिन्याभरापासून माझी सून बसते. हात चलाख, नजर तीक्ष्ण, आणि बोलणं इतकं गोड की मला संशयच येतो. घरी कप माझ्या हातून फुटला तरी म्हणते, "माझाच धक्का लागला, आई."

आता माझं गुपित सांगते. गेल्या पाच वर्षांत माझ्या डोळ्यांनी हळूहळू काम सोडलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे तेवढं सांभाळा. मी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. दिसत नाही म्हटलं की टेबलावरून उठवून खोकी धुवायला लावतात, आणि मला माझं टेबल हवं होतं. नांग्या बांधलेला खेकडा हातात घेतला की मी अंगठा पोटावरून फिरवायची आणि नजर उगाच रोखून धरायची. नाटक झकास चाललं होतं.

परवा सकाळी मुकादम एक खोकं घेऊन आले आणि टेबलावर आदळलं.

"नरांच्या खोक्यात तीन माद्या! तपासणीतून परत आलंय. ज्याचं असेल त्याने स्वतः बोलावं!"

"माझं," सून लगेच म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. फुटलेल्या कपापर्यंत ठीक होतं, पण इथे सगळ्यांसमोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायची? मला कुणाची दया नको. मी ताडकन उठले.

"हिचं ऐकू नका. खोकं माझं आहे. मला पाच वर्षं धड दिसत नाही. आता काय खोकी धुवायला पाठवायचंय ते पाठवा!"

 मुकादमांनी खोकं माझ्याकडे वळवलं.

"मावशी, खोकं भरणाऱ्याचा आकडा त्यावर असतो, आणि हा सुनेचा आहे. खडूने, हाताएवढा मोठा."

मला तो दिसला नव्हता. घ्या! स्वतःच्या हाताने स्वतःचं टेबल घालवलं.

"माझं होतं म्हणूनच माझं म्हणाले हो, आई," सून रडवेली झाली. "पट्टी रुंद नव्हती, म्हणून नर समजले."

"मग पाच वर्षं निवडलंत कसं?" मुकादमांनी विचारलं, तेव्हा मी अंगठा दाखवला. त्यांनी मला टेबलाकडे पाठ करून उभं केलं आणि एकेक खेकडा हातात दिला. मी डोळे मिटूनच घेतले. नर. नर. मादी. नर. सातव्याला अंगठा थबकला.

"मादी. पोर आहे अजून. पट्टी तिकोनी आहे, नराच्या जवळपास जाणारी, पण बुडाशी पसरट. वयात आली की रुंद होईल. डोळा इथेच फसतो."

दहाच्या दहा बरोबर आले. 

"बसा जागेवर," मुकादम म्हणाले. "आणि हिला अंगठ्याने शिकवा."

मी बसले.  सुनेचा अंगठा धरून त्या पोरवयाच्या मादीच्या पोटावर फिरवला. "कळलं?" "कळलं." मग हळूच म्हणाली, "पण घरी का नाही सांगितलंत?"

"सांगून तू काय करणार होतीस?"

"ताटातल्या मासळीचे काटे काढून दिले असते."

दुपारच्या सुट्टीत तिने माझा डबा स्वतःकडे ओढला आणि काटे काढायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी मी डबा हिसकावून घेतला असता. आज म्हटलं, "डोक्याकडचेही बघ गं," आणि हात मांडीवर ठेवून आरामात बसून राहिले.